एका झाडाचं पुस्तक: मुलांना घेऊन निसर्गाचं चित्रपुस्तक कसं करायचं

निसर्गावरची लहान मुलांची चित्रपुस्तकं मी ढीगभर वाचून दाखवलीत आणि खरं सांगू का, त्यातली बरीचशी मुलांनी तिसऱ्या-चौथ्या पानावरच सोडलीत. कारण बहुतेक वेळा एकच, झाड बोलायला लागतं. मला तोडू नका, मी सावली देतो, मी हवा देतो वगैरे. मी पहिल्यांदा मुलांना घेऊन पुस्तक केलं तेव्हा मीही हेच केलं होतं, झाडाला डोळे, डोळ्यांत पाणी, शेवटच्या पानावर हात धरून उभी असलेली मुलं, सगळं. एका पाच वर्षांच्या मुलीला ते वाचून दाखवलं तर तिनं अगदी मनापासून विचारलं, "ह्याचं तोंड खोडावर आहे ना, मग त्यातनं मुंग्या आत जातात का?" मला काही उत्तर सुचेना. तिला झाडात इंटरेस्ट नव्हता असं नाही, तिला मुंग्यांमध्ये होता, आणि मुंग्या माझ्या पुस्तकात नव्हत्याच.

तेव्हापासून चुकतमाकत जी पद्धत बसत गेली ती इथे लिहिते. घरी दोन मुलं असली तरी चालते, वर्गात तीस असली तरी चालते, फक्त मग चार-पाच जणांचे गट पाडावे लागतात. साधारण पाच ते दहा वयाला मस्त जमते.

आधी विषय छोटा करा. अजून छोटा. 'पर्यावरण' हा विषय नाही, 'झाडं' हाही नाही, 'गेटजवळचं ते एक झाड' हा विषय आहे. झाड नसेल तर भिंतीचा ओलसर कोपरा, डबकं, जिन्यातली कुंडी, काहीही चालेल, अट एकच की चालत पाच मिनिटांत पोचता आलं पाहिजे, कारण तिथे एकदा जाऊन भागत नाही, चार-पाच वेळा जावं लागतं. जंगल, समुद्र, हत्ती हे मुलांना आवडतं हे मान्य, पण ते त्यांनी बघितलेलं नसतं, म्हणजे ते दुसऱ्या कुठल्यातरी चित्रावरून चित्र काढणार, आणि मग तोच तो ढगातून डोकावणारा हसरा सूर्य येतो.

पहिल्या फेरीत चित्र काढायचं नाही. हे मुलांना पटत नाही, पेन्सिली काढून बसतात, पण ऐकू नका. पंधरा मिनिटं नुसतं बघायचं. दुसऱ्या फेरीपासून वही, आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे 'मी बघितलं', उजवीकडे 'मला वाटतं'. "मुंगी रस्ता विसरली" हे उजवीकडे. "मुंगी थांबली, मागे वळली, समोरच्या मुंगीला डोकं लावलं, परत निघाली" हे डावीकडे. पुस्तकाचा सगळा माल डावीकडून येतो, उजवीकडच्यातून प्रश्न मिळतात. वेळा बदलून जा, एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, एकदा दिवे लागायच्या वेळी, आणि पाऊस पडून गेल्यावर एकदा तरी जाच, त्या दिवशी गोगलगाय भेटली तर आख्खं पुस्तक तिथेच मिळतं.

ऐकायलाही बसवा. डोळे मिटून दोन मिनिटं, आणि जे ऐकू आलं ते अक्षरात लिहायचं. आपल्या भाषेत ह्या बाबतीत चंगळ आहे, सळसळ, टपटप, खळखळ, भुणभुण, चिवचिव, पण गंमत म्हणजे मुलं नीट ऐकतात तेव्हा हे तयार शब्द पुरतच नाहीत. एकानं वाळक्या पानावर पाय पडल्याचा आवाज 'कच्र्र' असा लिहिला होता, तो तसाच छापला. आवाज घालणं ही काही पोरकट आयडिया नाही बरं का, १६५८ मध्ये कोमेनियस नावाच्या शिक्षकानं मुलांसाठी जे सचित्र पुस्तक काढलं, ज्याला मुलांच्या चित्रपुस्तकांच्या सुरुवातीच्या काळातलं एक मोठं पुस्तक मानतात, त्यातली बाराखडीच प्राण्यांच्या आवाजांची आहे आणि सुरुवात कावळ्यापासून आहे.

आता चुका. मोठ्यांनी काढलेल्या पुस्तकांतसुद्धा ह्या सर्रास दिसतात, म्हणून जरा सविस्तर. मुंगीला सहा पाय असतात हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते सहाच्या सहा मधल्या भागातून, छातीतून निघतात, मुलं (आणि मोठेही) ते पोटाला लावतात. कोळ्याचे आठही पाय पुढच्या भागातून. गोगलगाईचे डोळे वरच्या लांब शिंगांच्या टोकाला असतात, तोंडावर नाही. पक्ष्याचा गुडघा उलटा वाकतो असं वाटतं ना, तो गुडघाच नव्हे, तो घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. चंद्रकोरीच्या पोटात चांदणी काढायची नाही, तिथे चंद्राचाच न दिसणारा भाग असतो, त्यातून चांदणी कशी दिसेल? आणि मध्यरात्रीच्या चित्रात डोक्यावर कोर नको, कोर नेहमी सूर्याच्या आसपास असते, संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला. गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात हेही खोटं, आणि हे तर पुस्तकात लिहिलं की कोणीतरी करून बघणारच. फुलपाखराच्या बाबतीत आपली भाषा जरा घोळ करते, कारण आपण दोघांनाही कोषच म्हणतो, पण रेशमाचा गुंडाळा हा पतंगांचा असतो, फुलपाखराचा कोष सहसा कडक आणि उघडाच लटकलेला असतो, चित्रात तरी फरक दिसू दे.

उलट काही ठिकाणी मराठी आपोआप बरोबर असते. मुंगी 'ती', मधमाशी 'ती', आणि कामकरी मुंग्या-मधमाश्या खरोखरच माद्या असतात. गांडूळ 'ते', आणि गांडुळात नर-मादी एकाच शरीरात असतात. मुलांना हे सांगितलं की ती वेडी होतात आणि मग प्रत्येक प्राण्याचं 'तो-ती-ते' तपासत बसतात, अर्धा तास कुठे गेला कळत नाही.

चित्र कसं मांडायचं ह्यासाठी मी मुलांना मारिया सिबिला मेरियनची गोष्ट सांगते. ही बाई १६९९ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला किडे बघायला गेली आणि १७०५ मध्ये तिचं चित्रांचं मोठं पुस्तक आलं. तिची खासियत अशी की ती अळी, कोष आणि पंख फुटलेला जीव एकाच चित्रात, आणि ती अळी जी पानं खाते त्याच झाडावर काढायची. म्हणजे किडा अधांतरी नाही, त्याच्या जागेवर. तर हा नियम करून टाका, आमच्या पुस्तकात कोणताही प्राणी पांढऱ्या कागदावर एकटा येणार नाही, तो कशावर बसलाय, काय खातोय, शेजारी कोण आहे हे दिसलं पाहिजे.

आणि शेजारी माणसंही असतात! निसर्गाच्या पुस्तकातनं माणसं गायब असतात, असली तर कुऱ्हाड घेऊन येतात. तुमच्या झाडाखाली कोण झाडतं, कोण गाडी लावतं, कोण डबा खायला बसतं, कोणाला त्या झाडाचा राग येतो, हे मुलांना विचारून यायला लावा. तीनच प्रश्न पुरतात: तुम्ही इथे कधी येता, ह्या झाडाचं तुम्हाला काय आवडतं, काय आवडत नाही. तिसरा प्रश्न गाळायचा नाही. आमच्या एका पुस्तकात एक आजोबा म्हणाले होते, "पानं पन्हाळीत अडकतात, पाणी तुंबतं, मला हे झाड नकोच आहे," तर मुलांना ते काढून टाकायचं होतं, म्हणाली वाईट वाटतं. मी म्हटलं राहू दे. ते पान शेवटी सगळ्यात जास्त बोललं गेलं, कारण पन्हाळ कोणी आणि कधी साफ करायची ह्याचं उत्तर मुलांनी स्वतः शोधलं. माणसाचं बोलणं जसंच्या तसं घ्या, सुधारू नका, आणि चित्र काढण्याआधी त्यांची परवानगी घ्या, नको म्हणाले तर नुसते हात काढा. हातांची चित्रं चांगली होतात.

हे सगळं जमलं की डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची प्रत. चार ए-फोर कागद एकात एक घालून मधोमध घडी घाला, सोळा पानांची वही तयार होते. एक नंबर कव्हर, सोळा नंबर मागचं कव्हर, मधे उरतात सात जोडपानं, म्हणजे पुस्तक उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन-दोन पानं. छापील चित्रपुस्तकं बऱ्याचदा बत्तीस पानांची असतात कारण मोठ्या कागदाच्या घड्या घालून पानं पडतात आणि ती आठ-सोळाच्या पटीत येतात, पण मुलांच्या दमाला सोळा भरपूर. पाच वर्षांच्या खालच्यांसाठी तर एकाच कागदाचं आठ पानी करा: कागदाला आठ चौकोन पडतील अशा घड्या, मग अर्धा दुमडून मधल्या दोन चौकोनांपुरता काप, उघडून लांबीत दुमडायचा आणि दोन्ही टोकं आत ढकलायची. ना स्टेपलर ना दोरा.

सोळा पानी करताना एक गोष्ट डोक्यात ठेवा नाहीतर माझ्यासारखं सगळं उलटंपालटं होईल. कागद सुटे केले की पानं ओळीनं नसतात, एकाच्या शेजारी सोळा असतं, दोनच्या शेजारी पंधरा. सोपी खूण म्हणजे कागदाच्या एका बाजूला जे दोन आकडे येतात त्यांची बेरीज नेहमी सतराच. आणि अख्ख्या पुस्तकात आठ-नऊ हे एकच जोडपान सलग कागदावर असतं, तर सगळ्यात मोठं आडवं चित्र, आख्खं झाड वगैरे, तिथेच ठेवा. बाकीच्या जोडपानांवर चित्र घडीवरून पलीकडे न्यायचं असेल तर न्या, फक्त घडीवर कोणाचा चेहरा नको, आणि मुंगी तर अजिबात नको, गायबच होते.

आता पान उलटणं, ज्यात सगळी मजा आहे. मुलं एका दुपारी मुंग्यांची रांग बघत होती आणि एकानं मधेच ओलं बोट आडवं फिरवलं. रांग तिथेच थांबली, मुंग्या सैरावैरा, कारण त्या वासाच्या वाटेनं चालतात आणि वाट पुसली गेली. थोड्या वेळानं एकीला पलीकडची वाट सापडली, मग तिच्यामागनं बाकीच्या. आता हे एकाच पानावर सांगितलं तर माहिती झाली. आम्ही काय केलं, उजव्या पानावर खाली फक्त एक बोट खोडापर्यंत आलेलं, शब्द एवढेच: "समीकरण सोपं होतं. एक बोट." तर हे वाक्य मी लिहिलं होतं, जाम आवडलं होतं मला, आणि मुलांनी ते खोडून "मी फक्त बोट लावलं" असं केलं. बरोबर केलं. पान उलटलं की दोन्ही पानं भरून मुंग्या इकडे-तिकडे, शब्द एकही नाही. तर प्रश्न, पाऊल, आवाज हे उजव्या पानाच्या शेवटी, उत्तर उलटल्यावर. सातही जोडपानांत असं नको, दोन-तीनदा बास, नाहीतर मुलं ओळखतात.

मजकुराचा हिशोब सोपा, जे चित्रात दिसतंय ते लिहायचं नाही. चित्रात लाल किडा हिरव्या पानावर असेल तर "लाल किडा हिरव्या पानावर बसला" ही ओळ उडवा, त्याऐवजी चित्रात न दिसणारं लिहा, वास, आवाज, किती वेळ बसला होता, आधी काय झालं. एका जोडपानाला दोन वाक्यं, फार तर तीन. सातांपैकी निदान एक जोडपान बिनशब्दांचं ठेवाच, वाचून दाखवताना तिथे तुम्ही गप्प बसायचं आणि मुलं बोलतात. अक्षर मुलांचंच असू दे, पण काना-मात्रा वेलांट्यांना वर जागा सोडायला सांगा, चित्राच्या कडेशी लिहिलं की वेलांटी कापली जाते. आणि गडद रंगावर लिहू नका, आधी पेन्सिलनं मजकुराचा चौकोन आखून मग त्याच्याभोवती चित्र, हा क्रम उलटा झाला की रडारड होते.

कचरा, प्रदूषण, तोड ह्याबद्दल लिहायचं की नाही? माझं मत, लिहायचं, पण डोळ्यासमोरचं आणि मुलांच्या हाताला लागेल एवढंच. डेव्हिड सोबेल ह्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९९६ मध्येच हा मुद्दा मांडला होता की फार लहान वयात लांबच्या जंगलांचा नाश वगैरे डोक्यावर मारला तर मुलं निसर्गाच्या जवळ यायच्या ऐवजी घाबरून लांब जातात, त्याला त्यानं 'इकोफोबिया' म्हटलं. मला हे वर्गात दिसलंय. त्यापेक्षा मातीच्या बरणीत एक वाळकं पान आणि एक प्लास्टिकचं रॅपर पुरून ठेवा, माती ओलसर ठेवा, आणि दर आठवड्याला उकरून दोन्हीचं चित्र काढा. पानाला भोकं पडतात, जाळी होते, तुकडे होतात, रॅपर मात्र जसंच्या तसं, वरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. सहा-सात आठवड्यांची चित्रं शेजारी-शेजारी लावली की पुस्तक झालं, आणि त्याखाली "प्लास्टिक वापरू नका" असं लिहायची गरजच उरत नाही. लिहिलंत तर बिघडेल.

चित्रांचं सामान काही खास लागत नाही. पानाचा ठसा घ्यायचा तर पान शिरांची बाजू वर करून ठेवायचं, वर पातळ कागद, आणि क्रेयॉन आडवा धरून घासायचा, टोकानं नाही. खरी पानं चिकटवायची असतील तर वर्तमानपत्रात घालून वर वजन ठेवून आठवडा-दोन आठवडे दाबा, ताजी चिकटवली की आक्रसतात, काळी पडतात आणि शेजारच्या पानाला बुरशी देतात. झेरॉक्स काढणार असाल तर नुसत्या पेन्सिलवर भागत नाही, बाहेरची रेघ काळ्या पेननं गिरवा, फिका पिवळा आणि फिका आकाशी तर कॉपीत जवळजवळ उडूनच जातात. मोबाइलवर स्कॅन करायचं तर दिवसा, खिडकीशी, फ्लॅश बंद.

शिवायच्या आधी डमी कोणालातरी वाचून दाखवा, शक्यतो ज्यांनी ते केलं नाही अशा लहान मुलांना. करणाऱ्या मुलांनी मागे बसून फक्त बघायचं की ऐकणारा कुठे चुळबुळ करतो, कुठे बोट लावतो, कुठे मागचं पान परत उलटायला सांगतो. वाचताना "हे काय आहे?" असं विचारलं की एक शब्द मिळतो आणि गप्पा संपतात, "इथे काय चाललंय?" विचारलं की गाडी चालू होते, आणि मूल काही बोललं की त्याच्याच वाक्याला एखादा शब्द जोडून परत म्हणा. मग थांबा, घाई नको. चुळबूळ झालेली पानं छोटी करा नाहीतर काढून टाका. काढून टाकताना ज्याचं चित्र गेलं तो रुसतो, त्याला मागचं कव्हर द्या.

बांधणी तीन भोकांची. घडीवर मधे एक, वर एक, खाली एक, दाभणानं पाडा, ती मोठ्यांनी. सुई आतून मधल्या भोकातनं बाहेर, बाहेरून वरच्यातनं आत, आतल्या आत लांब उडी मारून खालच्यातनं बाहेर, आणि परत मधल्यातनं आत. आता दोन्ही टोकं आतच आलीत, त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा. शेवटच्या आतल्या पानावर सगळ्यांची पहिली नावं, महिना, वर्ष, आणि कुठल्या झाडाखाली केलं ते, आणि जमलं तर एक पान कोरं सोडा, पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली जाल तेव्हा लागेल.

आणि मूळ चित्रं शिवू नका हं! सुटी ठेवा, फोल्डरमध्ये, मागे पेन्सिलनं पान नंबर टाकून, आणि शिवायची ती कॉपी. मी एकदा मूळ प्रतच हौसेनं दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकली, मग आठ जणांना आठ कॉप्या हव्या होत्या म्हणून ती बसून उसवावी लागली, आणि मधल्या कागदाची भोकं इतकी मोठी झाली की एक मुंगी त्यातनं कायमची गेली.